रोजच्या गाडीला टर्बो लावावा की सुपरचार्जर?

कापडाच्या धंद्यात गाडी ही दुकानातल्या गजासारखी रोजची वस्तू आहे. तिच्यावर फार विचार करण्याची वेळ येत नाही, आणि येते तेव्हा घाटात येते. आमच्या दुकानाची बाराशे सीसीची साधी पेट्रोल गाडी आहे. इचलकरंजीला, कधी भिवंडीला जाऊन नमुने पाहायचे, डिकीत बसतील तेवढे तागे घेऊन कडेगावला परतायचे, हे तिचे काम. गेल्या वर्षी भिवंडीहून परत येताना बोर घाटात गाडीने दम टाकला. चार माणसे, मागे तागे, एसी चालू. मालाने भरलेले ट्रक आम्हाला मागे टाकून पुढे गेले. गाडी चालवणारा आमचा पुतण्या. त्याला ती गोष्ट फार लागली.

पंधरा दिवसांनी तो एक कागद घेऊन आला. "चाचा, या गाडीला टर्बो बसवून घेऊ. पुण्यात एक जण बसवून देतो. दुसरा म्हणतो, टर्बो नको, सुपरचार्जर बसवा. दोघांचा दर दोन लाखांच्या आसपास आहे. तुम्ही सांगा कोणता घ्यायचा."

दोन लाख म्हणजे आमच्यासारख्या दुकानात ईदच्या हंगामाच्या मालाची निम्मी उचल. तेवढी रक्कम एका लोखंडी वस्तूत घालायची तर ती वस्तू काय आहे हे समजून घेणे भाग होते. आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले. इंजिनाचा अभ्यास आम्ही केला तो कराडच्या एका मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये, बाकड्यावर बसून, चहा पीत. त्या उस्तादांकडून जे शिकलो आणि नंतर पुस्तकांतून पडताळून पाहिले, ते वाचकांपुढे ठेवत आहोत. आमच्या बांधवांमध्ये गाडी वापरणारे आहेत तसे गाडी दुरुस्त करणारेही पुष्कळ आहेत. त्यांना यातले काही ठाऊक असेल, पण ग्राहकाच्या बाजूने हा हिशेब कसा दिसतो हेही त्यांनी पाहावे.

इंजिन म्हणजे हवेचा पंप

आपल्याला वाटते इंजिन पेट्रोलवर चालते. खरे तर ते हवेवर जास्त चालते. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे पावणेपंधरा किलो हवा लागते. पेट्रोल जास्त ओतणे सोपे आहे. त्याच्या जोडीची हवा आत नेणे अवघड. बाराशे सीसीचे चार स्ट्रोक इंजिन दर दोन फेऱ्यांत फार तर सव्वा लिटरच्या आतबाहेर हवा ओढते. मिनिटाला तीन हजार फेरे धरले तर अठराशे लिटर. त्यापेक्षा जास्त ते ओढू शकत नाही, कारण त्याला हवा कोणी देत नाही. पिस्टन खाली जाताना जेवढी आपोआप आत येईल तेवढीच. उंचावर हवा विरळ होते, म्हणून खाली चिपळूणला जी गाडी खुशीत पळते तीच महाबळेश्वरला थोडी मंद वाटते. दर हजार फुटांना साधारण तीन टक्के ताकद कमी होते असा ढोबळ हिशेब आहे.

हवा दाबून आत ढकलली की तेवढ्याच आकाराच्या इंजिनात जास्त हवा मावते, जास्त पेट्रोल जळते, जास्त ताकद मिळते. वातावरणाच्या दाबावर आणखी अर्धा पट दाब दिला तर कागदावर हवा दीडपट होते. प्रत्यक्षात तेवढी होत नाही, कारण दाबलेली हवा तापते आणि तापलेली हवा पसरते. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचे खालचे टोक हाताला चटका देते, ते याच कारणाने. म्हणून दाबलेली हवा इंजिनात जाण्याआधी थंड करायला इंटरकूलर नावाची जाळी लावावी लागते.

हवा ढकलण्याच्या दोन रीती आहेत आणि त्या समजायला लोहाराचा भाता पुरेसा आहे. लोहार आपल्या हाताने भाता ओढतो, तेव्हा आग वाढते, पण हाताची ताकद खर्च होते. हा झाला सुपरचार्जर. तो इंजिनाच्या क्रँकवरून पट्ट्याने फिरतो. इंजिन फिरले की तोही लगेच फिरतो. पाय दाबला की ताकद हजर. पण तो फिरवण्याची मजुरी इंजिनालाच द्यावी लागते आणि ती पेट्रोलमधून वसूल होते. भात्याची उपमा आम्ही उगाच दिलेली नाही. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या रूट्स बंधूंनी 1860 साली ज्या फिरत्या भात्याचे पेटंट घेतले तो पुढे भट्ट्यांना हवा देण्यासाठी वापरात आला, आणि मोटारीवरचे जुने सुपरचार्जर त्याच घडणीचे होते. मर्सिडीजने 1921 साली असे भाते बसवलेल्या मोटारी लोकांपुढे आणल्या.

आता असा लोहार कल्पावा की ज्याने भट्टीच्या धुरावरच एक चक्र बसवले आणि त्या चक्राला भाता जोडला. हात मोकळा. हा टर्बो. अल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरने 1905 साली याचे पेटंट घेतले. पेट्रोलमधल्या उष्णतेचा सुमारे तिसरा हिस्सा सायलेन्सरमधून वाया जातो. त्यातला काही भाग टर्बो परत कामाला लावतो. धुराच्या वाटेवर एक छोटे चक्र, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला हवा दाबणारे दुसरे चक्र. हे दुसरे चक्र आपल्या भागातल्या माणसाला वेगळे सांगायला नको. शेजारच्या किर्लोस्करवाडीत जे पंप वर्षानुवर्षे बनत आले त्यातला इंपेलर आणि हे चक्र एकाच जातीचे. पाण्याऐवजी हवा, एवढाच फरक.

फरक वेगाचाही आहे, आणि तो मोठा आहे. सूतगिरणीतली चाती मिनिटाला पंधरा-वीस हजार फेरे घेते, तर आपण तिच्याकडे पाहून थक्क होतो. मोटारीचा टर्बो दीड-दोन लाख फेरे घेतो. एका बाजूला लाल तापलेला धूर, दुसऱ्या बाजूला ताजी हवा, आणि मधला दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. तो थर गेला की टर्बो गेला. पुढे आमची एक चूक सांगायची आहे ती याच तेलाची आहे.

टर्बोचा दुसरा स्वभाव असा की त्याला धूर मिळाल्याशिवाय तो जागा होत नाही. पाय दाबला, इंजिनाने धूर सोडला, चक्र वेगात आले, मग हवा. मधला हा क्षणभराचा उशीर पूर्वीच्या गाड्यांत चांगलाच जाणवे. नव्या गाड्यांत लहान चक्रे आणि संगणकाचे नियंत्रण आल्याने तो कमी झाला आहे. फोक्सवॅगनने तर 2005 साली एका चौदाशे सीसीच्या इंजिनाला दोन्ही बसवले, खालच्या वेगाला सुपरचार्जर आणि वरच्या वेगाला टर्बो. यंत्र चांगले होते, पण दोन भाते सांभाळायचा खर्च रोजच्या गाडीला परवडणारा नव्हता, आणि पुढे कंपनीने एकट्या टर्बोचाच मार्ग धरला.

मग निवडायचे कोणते? काम पाहून निवडायचे. खालच्या वेगात ताबडतोब जोर हवा, इंधनाची फिकीर नाही, तर सुपरचार्जर. मैलोन्‌मैल हमरस्त्यावर जायचे, भार घेऊन घाट चढायचा आणि तेलाचा खर्चही आवाक्यात ठेवायचा, तर टर्बो. आमच्यासारख्या व्यापाऱ्याचा कौल टर्बोकडेच जाईल. डिझेलला तर टर्बो सर्वांत मानवतो, कारण डिझेलच्या सिलिंडरमध्ये आधी नुसती हवा दाबली जाते आणि इंधन नंतर येते. त्यामुळे जास्त हवेने काही बिघडत नाही. मर्सिडीजने 1978 साली टर्बो डिझेलची पहिली मोटार विकायला काढली. आज आपल्याकडे रस्त्यावर दिसणारी जवळपास प्रत्येक नवी डिझेल गाडी, अगदी भाजी वाहणाऱ्या पिकअपपर्यंत, कारखान्यातूनच टर्बो घेऊन येते.

आम्ही पुतण्याला म्हणालो, "टर्बो बरा दिसतो." तो खूश झाला. आम्ही कागद घेऊन उस्तादांकडे गेलो.

दुसऱ्याच्या पायावर मजला

उस्तादांनी कागद वाचलाच नाही. ते म्हणाले, "आधी सांगा, तुमच्या इंजिनाचे कॉम्प्रेशन किती?" आम्हाला ठाऊक नव्हते. पुतण्यालाही नव्हते. किट विकणाऱ्याने सांगितले नव्हते.

गोष्ट अशी आहे. टर्बो नसलेले आजचे पेट्रोल इंजिन मायलेजसाठी मिश्रण चांगलेच दाबते; कित्येक गाड्यांत अकरा किंवा बारा पट. कारखाना जेव्हा टर्बोचे इंजिन करतो तेव्हा हा आकडा सहसा खाली आणतो, दहाच्या आसपास, कारण हवा आधीच दाबून येणार असते. पिस्टन वेगळे, कनेक्टिंग रॉड जाड, पिस्टनच्या पोटावर तेलाचा फवारा, मोठा रेडिएटर, वेगळे इंजेक्टर. आपल्या गाडीत यातले काहीच नसते. बारा पट दाबणाऱ्या इंजिनात वरून आणखी दाबलेली हवा घातली की पेट्रोल ठिणगीच्या ज्योतीची वाट न पाहता आपणच पेटते. मिस्त्री लोक त्याला नॉकिंग म्हणतात. कान देऊन ऐकले तर डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो. घाटात, पूर्ण भारात, उन्हाळ्यात हे वारंवार झाले तर पिस्टनला भोक पडते किंवा हेड गॅस्केट उडते.

हे टाळायला अमेरिकेतल्या ओल्ड्‌समोबिल कंपनीने 1962 साली जेटफायर नावाच्या टर्बो मोटारीत एक युक्ती केली होती. इंजिन जास्त दाबाचेच ठेवले आणि नॉकिंग होऊ नये म्हणून पाणी आणि अल्कोहोल मिसळलेला एक द्रव वेगळ्या टाकीतून आत सोडला. टाकी रिकामी झाली की ती भरायची एवढेच मालकाचे काम. मालक भरायला विसरत. टर्बोची पहिली पेट्रोल मोटार म्हणून जिची गणना होते त्यांपैकी ही एक, आणि ती दोन वर्षांत बंद झाली. कारखान्याच्या इंजिनिअरांची ही गत, तर पत्र्याच्या शेडमध्ये दोन दिवसांत बसवलेल्या किटचे काय!

आमच्या गावचे मोहरमचे गगनचुंबी ताबूत सर्वांना माहीत आहेत. ते बांधताना आधी कळस आणि मग पाया, अशी रीत आहे. उस्ताद हसून म्हणाले, "कळसापासून खाली येणे तुमच्या गावच्या कारागिरांनाच जमते. इंजिनाचे पायापासूनच करावे लागते."

कमी दाब ठेवून, पेट्रोलचा नकाशा संगणकात नव्याने भरून, जाणकार माणसाने बसवले तर असे किट चालतेही, हे त्यांनी कबूल केले. पण मग क्लच प्लेट मोठी हवी, गिअरबॉक्स तो जोर सोसणारा हवा, ब्रेक चांगले हवेत. दोन लाख ही सुरुवात ठरते. आणि ही सगळी खटपट शनिवारी शर्यतीला नेण्याच्या गाडीची आहे. जी गाडी सोमवारी सकाळी सातला दुकानदाराला इचलकरंजीला न्यायची आहे तिची नाही.

कायद्याची बाजू आम्हाला तोवर सुचलीच नव्हती. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52 प्रमाणे कारखान्याने ठरवलेल्या तपशिलात फरक पडेल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन कलम 182-अ आले. परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. सीएनजीचे मान्यताप्राप्त किट बसवून ते आरसीवर चढवता येते, म्हणून लोकांना वाटते की टर्बोचेही तसेच असेल. तसे नाही. मोठी भीती दंडाची नाही, विम्याची आहे. अपघात झाला, समोरचा माणूस जखमी झाला, आणि सर्व्हेअरने बॉनेट उघडून पाहिले की इंजिन पॉलिसीत लिहिलेले राहिलेले नाही, तर कंपनी दाव्यावर आक्षेप घेऊ शकते. मग दुकान, घर, सगळेच त्या खटल्यात ओढले जाते. नव्या गाडीची वॉरंटी जाते ती वेगळीच.

पुतण्या गप्प बसला. मग म्हणाला, "तरी घाटात गाडी चढत नाही, त्याचे काय?"

गाडी का चढत नव्हती

उस्तादांनी किल्ली मागितली आणि आम्हाला घेऊन गाडी सुर्ली घाटाच्या बाजूला नेली. चालवायला पुतण्यालाच बसवले. चढ लागला, गाडी तिसऱ्या गिअरमध्ये, इंजिन जेमतेम पंधराशे फेऱ्यांवर. उस्तादांनी विचारले, "दुसरा का टाकत नाहीस?" पुतण्या म्हणाला, "मायलेज पडते."

टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाची ताकद वरच्या फेऱ्यांत असते. पंधराशेवर त्याला हवाच थोडी मिळते, मग ते ओढणार काय? चढ दिसताच दुसरा गिअर घेऊन इंजिन साडेतीन-चार हजारांवर फिरू द्यायचे. आवाज होतो, पण इंजिनाला तो सोसतो. टाटांनी 2005 साली एस नावाचा छोटा हत्ती काढला त्याचे इंजिन 702 सीसीचे, दोन सिलिंडरचे, अवघ्या सोळा अश्वशक्तीचे, आणि टर्बो नाही. तरी त्याने गल्लोगल्ली माल ओढला, तो गिअरच्या जोरावर.

परत आल्यावर एअर फिल्टर काढला. आमच्या दुकानामागे तागे उलगडण्याची जागा आहे. कापसाचा आणि धुळीचा थर फिल्टरवर नमद्यासारखा बसला होता. इंजिनाला जास्त हवा द्यायला आम्ही दोन लाख घेऊन निघालो होतो, आणि आहे ती हवा आमचाच कचरा अडवत होता. प्लग झिजलेले. क्लच घसरत होता, म्हणजे इंजिनाचे फेरे वाढत आणि गाडी तिथेच. मागच्या टायरांत हवा कमी. सिलिंडरचे कॉम्प्रेशन घड्याळ लावून तपासले, ते मात्र चारही सारखे भरले. सगळ्या दुरुस्तीचे बिल किटच्या किमतीच्या दहाव्या हिश्श्याहून कमी झाले. पुढच्या खेपेला बोर घाटात एसी बंद करून, दुसऱ्या गिअरवर गाडी वर आली. ट्रकांच्या पुढे आली.

आमच्या आधीच्या चुकीबद्दल आता सांगतो. सात-आठ वर्षांपूर्वी आम्ही एक जुनी टर्बो डिझेल गाडी घेतली होती. आमच्या तालुक्यातून जाणारा गुहागर-विजापूर रस्ता खाली चिपळूणला उतरतो. त्या बाजूला आमची गिऱ्हाइके होती. परतीला कुंभार्ली घाट चढून आलो की कोयनानगरला चहासाठी थांबायचे, आणि थांबताच किल्ली फिरवायची, कारण डिझेल वाचवायचे. घाट चढताना टर्बो तापून लाल झालेला असतो. इंजिन बंद केले की तेलाचा पंप बंद. दांड्यावर राहिलेले तेल तिथेच जळून कोळसा होते. दोन वर्षे आम्ही रोज चार पैशांचे डिझेल वाचवले. मग निळा धूर सुरू झाला, तेल कमी होऊ लागले, आणि एके दिवशी शिट्टीसारखा आवाज काढून टर्बो बसला. दोष गाडीचा नव्हता, आमचा होता. एक-दोन मिनिटे इंजिन तसेच चालू ठेवले असते, किंवा शेवटचा एक किलोमीटर हळू आलो असतो, तर तो खर्च पडला नसता. हल्लीच्या पुष्कळ गाड्यांत टर्बोला पाण्याचीही थंडाई असते, त्यामुळे शहरातल्या साध्या फेरीनंतर एवढे थांबण्याची गरज नाही. घाटानंतर मात्र थांबावे. आणि कंपनीने सांगितलेल्या दर्जाचेच तेल, सांगितलेल्या किलोमीटरला बदलावे. सुट्या तेलाच्या डब्यावर टर्बो चालत नाही.

ज्याला खरोखर जास्त ताकद लागते, म्हणजे रोज भार आणि रोज घाट, त्याने कारखान्यातून टर्बो आलेली गाडीच घ्यावी. आता लहान पेट्रोल गाड्यांतही ती मिळते. टाटा नेक्सॉन 2017 पासून बाराशे सीसीच्या टर्बो पेट्रोल इंजिनासह आली, मारुतीच्या फ्रॉन्क्समध्ये 2023 पासून हजार सीसीचे टर्बो इंजिन मिळू लागले. जुनी घेत असाल तर इंजिन थंड असताना जा. मालकाने आधीच चालू करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी या म्हणून सांगा. टर्बोकडून इंटरकूलरकडे जाणारा रबरी पाइप काढून आत बोट फिरवा. तेलाचा ओलसर हात लागणे चालते, पण तेल साचलेले असेल तर सील गेले. हवेच्या बाजूचे चक्र बोटाने फिरवून पाहा. दांडा किंचित आडवा हलतो, तो तेलाच्या थरासाठी सोडलेला अवकाश असतो. पण चक्राची पाती घराला घासत असतील किंवा दांडा पुढेमागे सरकत असेल तर किंमत त्या हिशेबाने पाडून मागा. तेल बदलल्याच्या पावत्या मागा. पावत्या ठेवणारा माणूस गाडीही ठेवतो.

आमच्या कारागीर बांधवांसाठी यात एक कामही आहे. घराघरांत टर्बोच्या गाड्या आल्या, पण टर्बो उघडून नीट जोडणारे हात थोडे आहेत. बहुतेक गॅरेजवाले जुना काढतात आणि नवा बसवतात. खरे काम मधल्या भागाचे आहे: बुश, सील आणि दांडा बदलणे आणि मग चक्रांचे वजन मशीनवर तोलणे. दोन लाख फेऱ्यांवर रतीचा फरकही दांडा तोडतो, म्हणून तोलण्याच्या मशीनशिवाय हे काम कोणी अंगावर घेऊ नये. ते मशीन महाग आहे, एकट्या गॅरेजला झेपणारे नाही. पण कराड, सांगली, मिरज इथल्या पाच-सहा मिस्त्रींनी भागीदारीत घेतले आणि लेथवर हात बसलेला एक मुलगा त्यावर ठेवला, तर काम पुण्याला पाठवण्याचे कारण राहणार नाही. डिझेल पंप आणि नोझलच्या कामाची दुकाने याच रीतीने जिल्ह्यात उभी राहिली.

पुतण्याने ते दोन लाख इचलकरंजीच्या धोतर आणि शर्टिंगच्या मालात घातले. गाडी तीच आहे. दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी तो एअर फिल्टर काढून झटकतो, आणि तागे उलगडण्याच्या जागेपासून गाडी लांब लावतो.